एबोमामांच्या बास गिटारची मान

सेकोंडी,
१२ ऑक्टोबर १९८३

ती. फीफीदादास कूकूआचा वाकून नमस्कार, वि. वि.

मायन्यातच अडखळले बघ. दीड महिन्यापूर्वी तू नुसता माझा आत्तेभाऊ होतास. आता पापा गेल्यावर कुळाने तुला त्यांच्या जागी बसवलंय, म्हणजे रीतीने तू माझा बाप झालास. ज्याने लहानपणी आत्याच्या अंगणात माझ्या पानातला तळलेला मासा रोज पळवला, त्याला बाप म्हणायला माझी जीभ वळत नाही. तेव्हा दादाच राहा. आशीर्वाद मात्र बापाचे पाठव, ते जास्त लागतात म्हणे.

आई बरी आहे. वर्षभर काळी वस्त्रं नेसायची आहेत आणि काळं कापड बाजारात मिळत नाही, म्हणून जुनंच पुन्हा रंगवलं. तू आम्हाला घरातून हलवलं नाहीस, किल्ली तिच्याच कमरेला राहू दिलीस, हे ती येईल त्याला सांगते.

तू लॉरीत चढताना पेटी सामानावर टाकू नको, मांडीवर घे, म्हणून मी चारचौघांत ओरडले, ते रागाने नव्हे. म्हणजे थोडं रागानेही. कुळ आईकडून चालतं, मामाची चीजवस्तू भाच्याची, हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. मुलीला बापाकडून नाव मिळतं, गिटार मिळत नाही. त्यावर माझी तक्रार नाही. पण ते वाद्य जगलं पाहिजे. पापांनी एकोणसाठ साली ताकोराडीच्या धक्क्यावर एका जर्मन खलाशाकडून ती बास गिटार घेतली. चोवीस वर्षं समुद्राच्या वाऱ्यात राहून तिचा एकही स्क्रू गंजलेला नाही. ती वाऱ्याची कृपा नाही, पुसणाऱ्या माणसांची आहे.

तर रोज कोरड्या फडक्याने तारा पुस, खालूनसुद्धा. नव्या तारा देशात मिळत नाहीत, म्हणून आवाज मेल्यासारखा झाला की तारा काढून पाण्यात उकळायच्या. पण चारही एकदम काढू नकोस. मानेवरचा ताण एकदम गेला तर ती बिथरते. एक काढ, उकळ, पूस, लाव, मग दुसरी. स्क्रूंना केरोसीनचा एकेक थेंब. एवढं कर.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी कूकूआ


टमाले,
६ नोव्हेंबर १९८३

चि. कूकूआस दादाचे अनेक आशीर्वाद. बापाचे हवे असतील तर आधी माशाचा आरोप मागे घे.

तुझं पत्र साडेतीन आठवड्यांनी पोहोचलं. पेट्रोल नाही, त्यामुळे टपालही पायी येत असावं. मी मात्र दोन दिवस पेटी मांडीवर घेऊन आलो, माझ्या मांड्या अजून साक्ष देतील. किन्टाम्पोला पोलिसाने लॉरी अडवली. पेटीचा आकार बघून बंदूक समजला. उघडून दाखवली तर म्हणाला, वाजव. मी म्हटलं, येत नाही. म्हणाला, मग चोरलेली दिसते. मी म्हटलं, नाही हो साहेब, वारसाने मिळाली. तर म्हणतो, तेच ते.

सगळी लॉरी हसली. मीही हसलो, पण ते वाक्य कुसळासारखं टोचत राहिलंय.

शाळेत निम्मे मास्तर नाहीत. मी सुतारकाम शिकवतो, पण खिळे नाहीत, सरस नाही. आम्ही नुसते सांधे कापतो, जोडतो आणि पुन्हा सोडवतो. मुलं उपाशी येतात. पाऊस झाला नाही, मका नाही.

तुला खरं सांगतो, मला ती गिटार नको होती. वडीलधाऱ्यांपुढे आईनेच ती माझ्या हातात दिली. म्हणाली, माझ्या भावाची वस्तू माझ्या आईच्या पोटाबाहेर जाणार नाही. एबोमामांचं तिच्यापाशी दुसरं काही उरलं नाही गं. तिला नाही कसं म्हणणार? गिटार कपाटावर आहे. रोज पुसतो. आणखी काही करायचं असेल तर कळव.

घरच्यांना विसरू नये ही विनवणी.
तुझा फीफीदादा


सेकोंडी,
२८ नोव्हेंबर १९८३

ती. फीफीदादास सप्रेम नमस्कार.

कपाटावर! वर पत्रा तापतो, खाली गिटार तापते. आजच्या आज खाली उतरव आणि आतल्या भिंतीला टेकवून ठेव.

आता तुझ्याकडे हरमाटानचा कोरडा वारा सुटेल. ती खाऱ्या दमट हवेत वाढलेली आहे, तुमची हवा तिच्या अंगातलं पाणी शोषून घेईल. साबणाच्या डबीला भोकं पाड, आत ओला कापूस घाल आणि डबी पेटीत मानेखाली ठेव. दर तिसऱ्या दिवशी कापूस भिजव. पट्टीवर खोबरेल तेलाचं एक बोट फिरव. लाकूड आकसलं की पडद्यांची टोकं बाहेर येतात आणि तळहात कापतात, म्हणून मानेवरून हात जपून फिरव.

तारा पट्टीपासून किती वर आहेत ते बघत राहा. सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या पडद्याशी सूर जन्मतो न जन्मतो तोच मरतो, तिथे घाबरू नकोस. तो तिचा जन्माचा दोष आहे. जाड तारेवरून तोच सूर घेतला की भरून येतो, फक्त करंगळी ताणावी लागते. आणि वीज नसेल तर हनुवटी लाकडावर टेकवून वाजव, हाडांतून ऐकू येतं.

आई म्हणते, फीफीला विचार, तिकडे खायला काय मिळतं. आम्ही कसावाच्या कंदांवर आहोत. मक्याच्या आंबवलेल्या पिठाच्या केंकीचा गोळा आता लिंबाएवढा झालाय.

काळजी घे, तुझी आणि तिचीही.
कूकूआ


टमाले,
१९ डिसेंबर १९८३

चि. कूकूआस अनेक आशीर्वाद.

डबी ठेवली, तेल लावलं, पडद्यांची टोकं बाहेर आली होती ती घासून बोथट केली. सुतार असल्याचा तेवढा उपयोग.

आता एक विचारतो, सरळ उत्तर दे. घरात सगळे म्हणत आले, की कूकूआ बापाची गिटार पुसते, फार भक्ती आहे पोरीची. पुसणाऱ्या माणसाला पाचव्या पडद्यावरचा मुका सूर कसा कळतो? करंगळी ताणावी लागते हे कुणाच्या करंगळीला ठाऊक आहे? मी तीन वेळा पत्र वाचलं, मग हनुवटी लाकडावर ठेवून ती तार छेडली. तू सांगितलंस तसंच झालं.

वारा सुटलाय. ओठ फुटलेत, दारं चौकटीतून सैल झालीत. मानेला बाक आलाय, तारा बोटभर वर गेल्यात. मानेच्या टोकाला तीन स्क्रूंची झाकणी आहे, ती काढून पाहिली. आत लोखंडी सळईचं टोक आहे. ते आवळलं की मान सरळ होत असणार, हे लाकडाचं साधं गणित आहे. सुट्टीत करून टाकतो. तू चिंता करू नकोस, लाकूड माझ्या हातातलं आहे.

उत्तराची वाट बघतो.
तुझा फीफीदादा


सेकोंडी,
३ जानेवारी १९८४

ती. फीफीदादास नमस्कार. बाकी सगळं नंतर, आधी हे वाच: सळईला हात लावू नकोस. पापा वर्षातून एकदा फिरवायचे. आधी तारा सैल, मग पाव फेरा, मग दोन दिवस थांबायचं. तिचे आटे जुने आहेत. जोर लावायचा नाही, तिच्या कलाने घ्यायचं.

आता तुझ्या प्रश्नाचं. हो. मी नऊ वर्षांची असल्यापासून वाजवते. आई मासे विकायला गेली की पापा दार लावून शिकवायचे. कुळात कळलं तर आत्या छप्पर उडवेल, म्हणून पुसण्याचं सोंग. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं मिटेनाशी झाली, हे तुम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. ईस्टरला ताकोराडीच्या दुपारच्या नाचाला त्यांच्या जागी मीच वाजवलं. ट्रंपेटवाल्या मास्टर अकॉननी मला ढोलकऱ्यांच्या आड बसवलं. लोक म्हणाले, एबो बेन्टसिल आज काय रंगात आहे! पापा बाहेर लॉरीत बसून ऐकत होते. घरी येईपर्यंत माझा हात धरून बसले.

आता मास्टर अकॉन म्हणतात, जुलैत पापांच्या वर्षाच्या स्मरणाला तू वाजव, उघड, पुढे बसून. आणि नंतर बँडमध्येच राहा. त्यांच्याकडे दुसरी बास गिटार नाही, देशात मिळतही नाही. मी हो म्हणून बसलेय.

दादा, मी ती मागत नाही. मागायचा मला हक्क नाही. फक्त उसनी दे. तुझं नाव पेटीवर रंगवून घे हवं तर.

मोठ्या आशेने,
कूकूआ


सेकोंडी,
१३ फेब्रुवारी १९८४

ती. फीफीदादास नमस्कार.

सहा आठवडे झाले. टमालेहून आलेल्या एका नर्सबाईंना आईने विचारलं, तर त्या म्हणाल्या, मास्तर बरे आहेत, शाळेत येतात. म्हणजे आजारी नाहीस. मग मी मागायला नको होतं का? तू आत्याला सांगितलंस का? नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, मी काही जीव देणार नाही. पण असा मुका राहू नकोस.

दोन ओळी तरी लिही.
कूकूआ


टमाले,
२५ फेब्रुवारी १९८४

चि. कूकूआस.

तुझं जानेवारीचं पत्र चौदा तारखेला आलं. सळई मी दहा तारखेला मोडली होती.

कसं झालं ते सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला झोप नाही. पहिला फेरा सहज गेला. मान जरा हलली, मला माझंच कौतुक वाटलं. दुसरा जड गेला. मुलं बघायला जमली होती, मास्तर आता कसं करतात ते बघा, म्हणून मी दात खाऊन फिरवलं. कट् असा आवाज झाला, लहानसा, वाळकी काडी मोडावी तसा. सळई आत तुटली आणि मानेच्या पाठीवर वीतभर लांब चीर पडली. वीस वर्षं मुलांना सांगत आलो, की लाकडावर जोर करू नका. आणि मीच.

मग तुझं पत्र आलं. ते वाचल्यावर तर लिहायला हातच उचलेना. पाच वेळा सुरुवात केली आणि फाडलं. कुठून तरी सरस मिळवून चीर सांधून बघितली, पण तारा लावल्या की ती तोंड उघडते. या मानेत आता काही राम नाही.

मी मालक झालो आणि पाच महिन्यांच्या आत मामांची वस्तू मारली. तो पोलीस बरोबर बोलला होता.

क्षमा मागायची लायकी नाही. मागतो.
फीफी


सेकोंडी,
१२ मार्च १९८४

श्री. फीफी एशून, सुतारकाम शिक्षक, यांस.

पत्र पोहोचलं. आईला मी वाचून दाखवलं नाही. तिला सांगितलं, गिटार तिकडे छान आहे, वारा कोरडा आहे एवढंच.

सळई मोडली याचा राग मी गिळू शकते. कधीतरी ती पापांच्याही हातून मोडली असती. पण सहा आठवडे तू मला आशेवर ठेवलंस. मी रोज संध्याकाळी आईच्या मासे कापायच्या पाटावर चार दोऱ्या ताणून बोटांचा सराव करत होते, लहान मुलीसारखी. त्याचं मला हसू आणि रडू दोन्ही येतं.

मास्टर अकॉनना मी अजून काही कळवलेलं नाही. कुठल्या तोंडाने कळवू?

तिला निदान पेटीत नीट ठेव. लोभाचं पुढे बघू.
कू. बेन्टसिल


टमाले,
२० मे १९८४

चि. कूकूआस.

तू वाचशील की नाही ठाऊक नाही, तरी क्रमाने लिहितो.

तुझं पत्र आल्यावर मी लॉरा गावाला गेलो, पार वरच्या सीमेला. तिथे डेरी नावाचा म्हातारा लाकडी पट्ट्यांचे काष्ठतरंग बनवतो. त्याच्या चुलीवरच्या माळ्यावर दहा वर्षं धुरात वाळलेली एक तांबडी फळी होती. कशाला हवी विचारलं. सगळं खरं सांगितलं. त्याने तुटकी मान हातात घेऊन वास घेतला, टिचकी मारली आणि म्हणाला, वाद्य मोडणाऱ्याला लाकूड देऊ नये, पण मोडलं म्हणून सांगायला इतक्या लांब येणाऱ्याला द्यावं. बदल्यात मी त्याला घराचं दार करून दिलं.

मग मान घडवली. जुनीचं माप शंभरदा घेतलं. पडदे एकेक उपटून नंबर घालून ठेवले होते, ते तसेच बसवले. आत सळई नाही, लोहाराकडून सपाट पट्टी करून घेतली, ती कायमची बसवली. लाकूड इतकं कडक आहे की दोन रंधे बोथट झाले. थोडी जाड झालीय, तुला बोटं ताणावी लागतील. याहून बारीक करायची माझी छाती झाली नाही.

मान बनत असतानाच ईस्टरला आईकडे शामाला गेलो होतो. कुळाच्या थोरल्या आजोबांपुढे रीतीप्रमाणे दारूची बाटली ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की वारसा माझ्या हातून मोडला. आणि एबोमामांची कला कुणाकडे आहे तेही सांगितलं. तुला न विचारता सांगितलं, त्याचा वेगळा राग धर. शेवटी आजोबा म्हणाले, मडकं वारसाच्या हातून फुटलं तर खापऱ्यांवर कुळ भांडत नाही. ज्याला खापऱ्यांचं काही करता येतं त्याने त्या न्याव्यात. आई ताडकन उठली. म्हणाली, माझ्या भावाला तुम्ही खापरी म्हणालात, आणि त्याच्या पोरीला नाचघरात बसवायला निघालात. निघून गेली. माझ्याशी बोलत नाही.

गिटार आता तुझी आहे, उसनी नव्हे. शाळेला सुट्टी लागली की स्वतः घेऊन येतो. मांडीवर.

जमलं तर आपला म्हण.
फीफीदादा


सेकोंडी,
२५ जून १९८४

ती. फीफीदादास नमस्कार, वि. वि.

तू पेटी दारात ठेवून पाणीही न पिता निघालास, म्हणून आई माझ्यावरच चिडली. तिला आता सगळं कळलंय. ती म्हणाली, मासे विकायला गेल्यावर घरात काय चालतं हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. शेजारणींना कान नव्हते का. मग तिने इतकी वर्षं मुद्दाम उशिरा घरी यायचे कष्ट घेतले, हे मी आता समजले.

खोटं लिहीत नाही. पहिल्या दिवशी हात लावला आणि पेटी बंद केली. ती पापांची नव्हती. मान परकी, लाल, हाताला जाड. आवाजही वेगळा आहे, जास्त टणक. पापांचा सूर गोल होता. दुसऱ्या दिवशी वीज होती, मास्टर अकॉनकडे नेऊन लावली. ते ऐकून म्हणाले, एबो मेला आहे हे आता कळलं. हे चांगलं की वाईट, मी विचारलं नाही.

मनगट सुजलंय. मीठ घातलेल्या गरम पाण्यात बुडवते आणि पुन्हा बसते. चार आठवडे आहेत.

माझा राग सगळा गेलेला नाही. पण तू मानेच्या पाठीमागे, जिथे अंगठा टेकतो तिथे, थोडं खोलगट घासलं आहेस, ते माझ्याच अंगठ्याच्या मापाचं निघालं. माप कुठून मिळालं तुला? माझ्या पत्रावरच्या शाईच्या ठशावरून, हे मला दोन दिवसांनी सुचलं.

आत्याला निरोप धाडला आहे. उत्तर नाही.

ये स्मरणाला. पाणी पिऊन जा.
कूकूआ


शामा,
३० जुलै १९८४

एबोच्या कूकूआस.

पोस्टाबाहेर बसणारा लेखनिक लिहितो आहे, सांगते मी, तुझी आत्या. त्याला बजावलं आहे, माझं बोलणं सुधारायचं नाही. तुझ्याशी तोंडाने बोलणार नाही असं मी कुळापुढे म्हटलं होतं, ते मोडत नाही.

एकवीस तारखेला मी आले होते. फीफीला माहीत नाही. चर्चमध्ये मागच्या बाकावर होते, आणि दुपारी तुम्ही सगळे हॉलमध्ये गेलात तेव्हा बाहेर भिंतीशी केंकीवालीजवळ उभी राहिले. आत येणार नव्हतेच. माझ्या भावाच्या पोरीला माणसांपुढे बसून वाजवताना बघायचं माझ्या डोळ्यांना नको होतं.

तू सुरू केलंस. मी भिंतीला टेकले. तो एबो होता. तो सूर छेडून थांबायचा ना, जणू पुढच्या पायरीवर पाय ठेवायचा की नाही याचा विचार करतोय, ते तसंच. केंकीवालीने तिचं स्टूल दिलं. मला तुझा इतका राग आला पोरी, की मी आयुष्यात कुणावर तेवढी चिडले नसेन. त्याला मी मातीत ठेवून आले होते. वर्षभर रोज सकाळी मी स्वतःला सांगत होते, तो नाही. आणि तू त्याला भिंतीपलीकडे चालवत होतीस. मला वाटलं, ही त्याला पुरू देणार नाही, विसावू देणार नाही.

मग तिसरं गाणं आलं आणि तू चुकलीस. मला गाण्यातलं कळत नाही, पण आम्ही एका चटईवर वाढलो, तो कधी असा अडखळायचा नाही. तू अडखळलीस, मागे राहिलीस, आणि कुणाची वाट न बघता आपल्याच वाटेने पुढे आलीस. तो तसा आला नसता. तो थांबला असता, हसला असता.

तेव्हा मला कळलं, आत तू आहेस. तो नाही. आणि मग मला रडू आलं. वर्षभर आलं नव्हतं, चाळिसाव्या दिवसालाही नाही. केंकीवाली म्हणाली, म्हातारे, कुणी गेलं का? मी म्हटलं, हो, माझा भाऊ. ती म्हणाली, कधी? मी म्हटलं, आत्ताच.

शेवटपर्यंत स्टुलावर बसून राहिले. मग शेवटची लॉरी धरली.

फीफीला सांग, घरी ये, दाराची कडी निखळली आहे.

तुझं वाजवणं मला मान्य नाही. सवय झाली तर कळवीन.

तुझी आत्या
(अंगठा)